जुन्या गाडीचा पत्रा आणि बेंगळुरूची हवा

बेंगळुरूत जुनी गाडी घ्यायला निघालेला जाणकार माणूस किलोमीटरचा आकडा पाहण्याआधी गाडी कुठल्या गावात वाढली ते विचारतो. केए १९ म्हणजे मंगळुरू, केए २० म्हणजे उडुपी, एमएच ०१ म्हणजे दक्षिण मुंबई, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी. अशा गाडीचे इंजिन कितीही गोड चालत असले तरी तो आधी खाली वाकतो, दरवाजाच्या तळाच्या कडेवरून बोट फिरवतो आणि पायाखालचे मॅटिंग उचलायला सांगतो. समुद्रकाठी दहा-पंधरा वर्षे काढलेल्या गाडीच्या सांध्यांत मीठ मुरलेले असते आणि ते गाडीबरोबर घाट चढून वर येते. नोकरीसाठी मुंबई-ठाण्याहून किंवा कोकणातून इकडे आलेल्या मराठी कुटुंबांनी सोबत आणलेल्या गाड्यांची हीच कथा आहे. वर्षभराहून जास्त काळ गाडी इथे राहिली की कर्नाटकाची नोंदणी करून घ्यावी लागते. नंबरप्लेट बदलते, पत्रा तोच राहतो. म्हणून जुनी गाडी घेताना तिची आधीची नोंदणी कुठली होती, हे कागदपत्रांवरून जरूर तपासावे.

बेंगळुरूची हवा गाड्यांना मानवते, हे खरेच आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि समुद्र पूर्वेला असो वा पश्चिमेला, तीनशेएक किलोमीटर दूर. पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. खारा वारा नाही. तरीसुद्धा इथल्या पंधरा-वीस वर्षांच्या गाडीखाली झोपून पाहिले तर गंज सापडतोच. इथल्या हवेत गंज थांबत नाही, तो सावकाश चालतो एवढेच. त्यामुळे मालकाला काही वर्षांची सवड मिळते. बहुतेक जण ही सवड आणि पैसा बाहेरच्या रंगावर खर्च करतात. तो पत्र्याच्या आतल्या बाजूवर खर्च व्हायला हवा, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही लागतात. पत्र्यावर पाण्याचा थेंब बसला की त्याच्याखाली एक अगदी छोटा विद्युतघटच तयार होतो. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाण्यातला प्राणवायू ते घेतो. केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात पोलादावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून हा प्रकार डोळ्यांना दिसेल असा दाखवला. थेंबाच्या कडेला प्राणवायू भरपूर पोहोचतो, तिथले लोखंड सुरक्षित राहते. थेंबाच्या मध्यावर प्राणवायू कमी, आणि लोखंड झिजते ते नेमके तिथे.

हा प्रयोग गाडीच्या मालकाने नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण गाडी कुठे गंजेल याचे उत्तर त्यात आहे. बॉनेट, छत, दरवाजाचा बाहेरचा पत्रा यांवर पाऊस पडतो, ऊन पडते, वारा लागतो आणि ते कोरडे होतात. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेला सांधा, मडगार्डच्या आत साचलेला चिखल, मॅटिंगखालचे ओले नमदे, दरवाजाच्या तळाची दुमडलेली कड, या जागी पाणी शिरते पण हवा पुरेशी शिरत नाही. कडेला प्राणवायू, आत टंचाई. इव्हान्स यांच्या थेंबाची हीच रचना, फक्त मोठी आणि वर्षानुवर्षे टिकणारी. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरते, त्यामुळे तो सांधा आतून फाकवतो आणि फटीत आणखी पाणी जाते. अ‍ॅल्युमिनियमवर चढणारा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला वाचवतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, तो उलट ओल धरून ठेवतो. बाहेरच्या रंगावर फुगा दिसतो तोवर आतल्या बाजूने बराच पत्रा खाऊन झालेला असतो.

मीठ या कामाला वेग देते. मीठ मिसळले की पाण्यातून वीज सहज वाहते. शिवाय मीठ स्वतः हवेतली ओल ओढते, म्हणून एरवी सुकून गेला असता असा सांधा ओलाच राहतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की उघडे पोलाद गंजू लागते. मीठ असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही ते सुरू होते. बेंगळुरूत पावसाळ्यातल्या सकाळी आर्द्रता ८० टक्क्यांवर असते. म्हणजे सांध्यात कोकणातले मीठ घेऊन आलेली गाडी इथे राहायला आली म्हणून आपोआप बरी होत नाही. तिचे सांधे गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, मगच त्यात गंजरोधक मेण सोडावे लागते.

इथल्या गाड्यांची स्वतःचीही काही दुखणी आहेत. बेंगळुरूच्या जुन्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष, गुलमोहोर, बुचाची झाडे आहेत. सावलीसाठी आपण गाडी त्यांच्याखाली लावतो. त्यांची बारीक पाने आणि फुले समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी असलेल्या जाळीतून आत पडतात आणि तिथल्या पन्हळीची भोके बुजवतात. पाणी तुंबते, मग ते पुढच्या फ्लोअरवर उतरते. मारुती ८०० सारख्या गाडीत मॅटिंगखालचा फ्लोअर हा गंजाचा पहिला बळी असतो, त्यामागे ही पन्हळ आणि दरवाजाचे कडक झालेले रबर असते. एसी असेल तर त्याच्या पाण्याची नळी तुंबूनही डावीकडच्या प्रवाशाच्या पायाखाली ओल राहते. दुसरे दुखणे इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगचे. पावसात भिजलेली गाडी रात्री खाली नेऊन वर प्लास्टिकचे कव्हर घातले की ती कित्येक दिवस सुकत नाही. उघड्यावर, वाऱ्यात उभी असलेली गाडी त्याहून बरी. तिसरे दुखणे पुराचे. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर आणि आउटर रिंग रोडच्या भागात तळघरांत पाणी भरून शेकडो गाड्या बुडाल्या. अशी गाडी वरून चकचकीत करून विकता येते, पण तिच्या सिलच्या पोकळीत, म्हणजे दरवाजाखालच्या पेटीत, पुराचा गाळ राहिलेला असतो. त्या गाळाचा वास मॅटिंग उचलल्यावर येतोच.

जुन्या गाड्या इतक्या का गंजतात आणि नव्या तितक्या का गंजत नाहीत, याचे कारण कारखान्यात आहे. जुन्या पिढीचे उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनी घेऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या वीस वर्षांच्या खाऱ्या हवेत या टॅक्सी चालत्या ठेवणाऱ्या पत्रा-कारागिरांचे कौतुक कुणी फारसे लिहून ठेवलेले नाही. ते लिहायला हवे होते.

त्या पिढीच्या गाड्यांमध्ये रंग बंदुकीने फवारला जाई. फवारा दिसणाऱ्या पृष्ठभागावर बसतो, बंद पोकळीत पोहोचत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जगभर एक वेगळी पद्धत रुळली. अख्खी बॉडी आधी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, मग प्रायमरच्या मोठ्या हौदात बुडवतात आणि वीज सोडतात. विद्युतभारित प्रायमर उघड्या धातूकडे ओढला जातो. एका जागी थर बसला की तिथे वीज अडते आणि प्रायमर उरलेल्या उघड्या जागेकडे वळतो. त्यामुळे सिलच्या आत, खांबांच्या पोकळीतही सुमारे २० मायक्रॉनचा सलग थर बसतो. भारतातल्या आधुनिक कारखान्यांत आज हीच पद्धत चालते. त्याच्या जोडीला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला. पोर्शने १९७५ च्या सुमारास आपल्या ९११ साठी तो वापरायला घेतला. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि ओरखडा पडला तरी शेजारच्या लोखंडाला वाचवते. हे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्येच जहाजांच्या तळाच्या तांब्याला जस्त जोडून दाखवले होते. बेंगळुरूने मात्र याहून निराळी वाटही काढली. २००१ मध्ये इथे बाजारात आलेल्या रेवा या छोट्या विजेच्या गाडीला बाहेरून प्लास्टिकचे पॅनेल होते. ते गंजण्याचा प्रश्नच नव्हता, पण आतला सांगाडा पोलादाचाच होता आणि त्याची काळजी घ्यावीच लागे.

आता आपल्या गाडीकडे येऊ. तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. एक बोथट स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि पातळ कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक पुरते. चुंबक मडगार्डच्या कडेवरून, सिलवरून, दरवाजाच्या खालच्या वीतभर भागावरून फिरवावे. जिथे त्याची पकड सुटते तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी आहे. मॅटिंग पूर्ण काढावे, स्पेअर व्हील बाहेर काढून डिकीचा खळगा पाहावा, बॅटरीखालचा ट्रे पाहावा. बॅटरीचे आम्ल सांडून तो खाल्ला असेल तर आधी खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतून आम्ल मारावे लागते, नाहीतर वरचा कुठलाच रंग टिकत नाही. मग गाडी रॅम्पवर घेऊन सिल, जॅक लावण्याची जागा, पुढचे-मागचे चॅनेल आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर जिथे बॉडीला धरले आहेत त्या जागा स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहाव्यात. घट्ट पत्रा टणक वाजतो. कुजलेला पत्रा बद्द आवाज करतो किंवा टोक सरळ आत जाते. मारुतीसारख्या हलक्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तिथे मधली अवस्था फार काळ टिकत नाही.

गंज वरवरचा असेल तर काम सोपे आहे आणि थोडी चिकाटी असलेल्या कुणालाही घरी करता येते. रंग सुटलेल्या जागेच्या चारही बाजूंना दोन-दोन बोटे पुढे जाऊन, चांगला पत्रा लागेपर्यंत रंग काढावा. वायर ब्रश आणि ८० नंबरचा, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर वापरून पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासावे. खड्ड्यांमध्ये काळे ठिपके राहतात. त्यांच्यासाठी बाजारात रस्ट कन्व्हर्टर मिळतात. त्यांत बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असते. फॉस्फोरिक आम्ल गंजाचे लोह फॉस्फेट करते आणि हा थर स्थिर असतो. दिल्लीच्या मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे टिकला त्यामागेही फॉस्फेटच आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचा रक्षक थर बसला, असे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. पण कन्व्हर्टर ठिपक्यांसाठी आहे, सुटणाऱ्या पापुद्र्यांसाठी नाही. पापुद्र्यावर लावला तर तो वरचे काळे करतो आणि खाली गंज चालूच राहतो. आम्लाचा अंश पुसून, पत्रा पूर्ण सुकवून मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर लावावा. डब्यातून थेट लावायचा साधा रेड ऑक्साइड स्वस्त आणि सोयीचा असतो, पण तो ओल बऱ्यापैकी आत सोडतो. एकटा तो पावसाळ्याला पुरत नाही.

पत्र्याला भोक पडले असेल तर खरी परीक्षा सुरू होते. लालबागेच्या आसपास, शिवाजीनगरात, विल्सन गार्डनमध्ये हे काम करणारे कारागीर आहेत. इथे या कामाला टिंकरिंग म्हणतात. जे.सी. रोडला सुटे भाग मिळतात, शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे जुन्या मालाच्या बाजारात, जुन्या गाड्यांचे दरवाजे आणि मडगार्ड मिळतात. चांगल्या टिंकरच्या हातात हातोडी आणि डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, असला की तो सपाट पत्र्यातून मडगार्डची गोलाई काढतो, हे पाहण्यासारखे असते. पण त्याला काय काम सांगायचे हे मालकाने ठरवायचे असते. ‘जरा नीट करून द्या’ म्हटले तर तो भोकामागे जाळी किंवा फायबर लावील, वर लांबी भरील आणि रंग मारून देईल. गाडी सुरेख दिसेल. लांबी ओल शोषते, मागचा गंज तसाच आहे, आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याच जागी फुगा येतो. या वेळी भोक आधीपेक्षा मोठे असते.

त्याला असे सांगावे: कुजलेला पत्रा टणक धातू लागेपर्यंत कापून काढा, तिथे त्याच जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घडवून बसवा, आणि सीओटू वेल्डिंगने छोटे-छोटे टाके घेत जोडा. गॅस वेल्डिंगची उष्णता पातळ पत्र्यात दूरवर पसरते, पत्रा वाकतो आणि मागच्या बाजूचा चांगला रंगही जळतो. पितळी जोड मारायची जुनी रीत आहे. त्यात वापरलेला फ्लक्स नीट धुतला नाही तर तो स्वतःच पत्रा खातो, शिवाय पितळ आणि लोखंड एकत्र ओले राहिले की लोखंडच आधी झिजते. जुन्या पत्र्यावर नवे ठिगळ आडवे टाकून फक्त कडा जोडणे हा सर्वांत वाईट प्रकार, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये पुन्हा तीच बंद, ओली फट तयार होते. सिल, चॅनेल, खांब आणि शॉकच्या जागा गाडीचा भार वाहतात. तिथे फायबर आणि लांबी चालवून घेऊ नये. अपघातात याच जागा माणसांना वाचवतात.

वेल्डिंगआधी बॅटरी काढलेली असावी, पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या त्या जागेपासून लांब असाव्यात, मॅटिंग आणि सीट बाहेर असाव्यात. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणाऱ्या धुराने थंडीताप येतो. दोन भागांच्या रंगातल्या हार्डनरने दम्याचा त्रास जडू शकतो. कारागीर तोंडाला रुमाल बांधून हे काम करतो आणि रुमाल त्याला वाचवत नाही. त्याच्यासाठी योग्य मास्क आपण नेऊन द्यावा. एकूण खर्चात ती रक्कम नगण्य असते.

वेल्डिंग झाले की लगेच पुढचे सारे त्याच क्रमाने व्हावे. आधी इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांवर सीलंट, मग लागलीच तर पातळ लांबी, मग रंग. रंग सुकल्यावर शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी येते. वेल्डिंगच्या मागच्या बाजूचा, पोकळीतला रंग जळून गेलेला असतो आणि तिथे हात पोहोचत नाही. लांब नळीच्या फवाऱ्याने सिलमध्ये, दरवाजांत, खांबांत कॅव्हिटी वॅक्स सोडावे. हे मेण पातळ असताना सांध्यांत झिरपते आणि नंतर मऊच राहते, त्यामुळे तडकत नाही. तळाची पाणी जाण्याची भोके त्याने बुजू देऊ नयेत. माझ्या मते जुन्या गाडीवर करायच्या सगळ्या खर्चांत कमी पैशांत सर्वाधिक वर्षे देणारा खर्च हाच आहे, आणि गॅरेजच्या बिलात तो क्वचितच दिसतो.

त्याऐवजी बिलात दिसते ते अंडरकोटिंग. स्वच्छ, सुक्या, प्रायमर लावलेल्या तळावर डांबरी अंडरकोटिंग चांगले काम करते. चिखल आणि गंज न काढता वरून फवारले तर मात्र ते गंजाला झाकण घालते. काही वर्षांनी ते कडक होऊन तडकते, तड्यांतून पाणी आत जाते आणि बाहेर पडत नाही. जळके इंजिन ऑइल खाली फवारण्याची रीतही आहे. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात आणि तेल रस्त्यावर, पुढे तलावात जाते. ते करू नये. बॅटरीला जोडायची गंजरोधक पेटीही काही जण विकतात. जहाज अखंड पाण्यात असते म्हणून अशी युक्ती तिथे चालते. रस्त्यावरच्या गाडीभोवती विजेची वाट पूर्ण करणारे पाणीच नसते, त्यामुळे पत्र्याचे रक्षण होत नाही.

राहिला गाडी धुण्याचा प्रश्न. मार्च २०२४ च्या पाणीटंचाईत बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठेवला होता. पाणी जपायचेच आहे, आणि गंजासाठी गाडी वरून रोज धुण्याची गरजही नाही. प्रक्रिया केलेले किंवा पावसाचे साठवलेले बादलीभर पाणी मडगार्डच्या आतल्या कडांना, सिलच्या खालच्या भोकांना आणि वायपरच्या पन्हळीला वापरले तर ते बाहेरच्या रंगावर ओतलेल्या दहा बादल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

गाडी वाचवण्याजोगी आहे की नाही, याचा निर्णय चॅनेल आणि शॉकच्या जागा पाहून करावा. मडगार्ड, दरवाजे, अगदी फ्लोअरसुद्धा बदलता येतो. पण चारही बाजूंचा सांगाडा कुजला असेल तर आठवणी कितीही असल्या तरी ती गाडी रस्त्यावर आणू नये. सांगाडा शाबूत असेल तर काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावे. तेव्हा बेंगळुरूची हवा वर्षातली सर्वांत कोरडी असते, घासलेला पत्रा प्रायमर लागेपर्यंत पुन्हा गंजत नाही आणि पोकळ्याही पूर्ण सुकतात. आणि टिंकरला एक अट आधीच सांगून ठेवावी: प्रायमर आणि लांबी लावण्यापूर्वी उघडा पत्रा आणि वेल्डिंग मला दाखवायचे, त्याशिवाय पुढचे पैसे नाहीत.